टाकीला कान

पहिली टाकी मी केली.
दूधसंघाच्या भंगारातली, लिलावात घेतलेली,
आत अजून सायीचा वास.
तीन दिवस घासली, तरी पहिल्या घाण्यात
कुणाच्या तरी जिभेला दही लागलंच.
शर्वरी मॅडम हसल्या. म्हणाल्या,
वासुभाऊ, आता हेच नाव ठेवू.
ठेवलंही. साय.
नागपुरात, धरमपेठेच्या मागच्या गल्लीत
त्या शनिवारी पंचवीस माणसं
स्टीलचे पेले धरून उभी.
पुढच्या वर्षी दोनशे.

मग टाक्या वाढल्या. पाच झाल्या, नऊ झाल्या.
वेल्डिंगच्या काळ्या काचेतून मी बघत होतो
घरातल्या पोरी उंच होताना बघावं तसा.
पेपरात फोटो आला.
त्यात माझा हात होता, कोपरापर्यंत.

वरच्या मजल्यावरचे काका म्हणाले,
शिजत्या सातूचा वास देवघरात येतो.
घरमालकानं नवं भाडं सांगितलं
आणि सांगून झाल्यावर प्यायला पाणी मागितलं.
मॅडमनी पाणी दिलं.
गेला तसं सामान मोजायला घेतलं.

साकोलीच्या पुढे, डाव्या हाताला,
बंद पडलेली धानाची गिरण.
भिंतींत कोंडा इतका मुरलेला
की खिळा ठोकला तर भुरभुरतो.
चुलबंदच्या पुलावर क्रेनवाला थांबला,
त्याला नदीचा फोटो काढायचा होता.
टाक्या उन्हात आडव्या,
त्यांच्या पोटात आभाळ वाकडं दिसत होतं.

इथलं पाणी गोड निघालं. हीच अडचण.
शहरातून फोन यायला लागले,
तीच चव नाही, काय बदललं?
मॅडम चार रात्री क्षार मोजत बसल्या.
पाचव्या दिवशी म्हणाल्या,
म्हणजे इतकी वर्षं लोकांना
नळाचं पाणीच आवडत होतं.

देवका मडावी चोथा न्यायला यायची,
बकऱ्यांसाठी, दोन बादल्या.
एकदा बादली खाली ठेवली
आणि चार नंबरच्या टाकीला कान लावला.
"अजूक दोन रोज.
आता काढसान त कच्ची लागन."
दोन दिवसांनी मॅडमच्या काचेच्या काट्यानं
तेच सांगितलं.
कसं कळलं, विचारलं तर म्हणे,
"मोहाचं मडकं का येगळं बोलते?"

होळीच्या आधी एक्साइजची जीप आली.
साहेबांनी भिंतीवरचं लायसन वाचलं,
चौकट सरळ केली,
रजिस्टरवर सही, कपभर चहा,
चांगलं चाललंय तुमचं, म्हणाले.
मग तीच जीप टोलीकडे वळली.
भरलेलं मडकं फुटताना फारसा आवाज होत नाही.
ओलं असतं ते.
वास मात्र आला, भिंतीवरून,
आमच्या नऊ टाक्यांवर बसला.
मॅडम फाटकात किल्ल्या धरून उभ्या राहिल्या.
मी पाना पुसत राहिलो. पाना स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी देवका वेळेवर आली.
मॅडम म्हणाल्या, नव्या बाटलीला तुमचं नाव देऊ.
चित्रसुद्धा काढून ठेवलं होतं, कुंकवासकट.
देवकानं ते उलटं धरून पाहिलं, मग सुलटं.
"नाव कायले? पगार लावा."

लावला. फॉर्मवर हुद्दा काय लिहायचा
यावर अर्धा तास गेला.
मदतनीस, असं लिहिलं शेवटी.
सही तिनं स्वतः केली, सावकाश, रेघेच्या वर.

आता कधी रात्रपाळीला
मीही चार नंबरला कान लावून बघतो.
मला माझे जोडच ऐकू येतात,
कुठे सांधा थंड झाला, कुठे घाई झाली.
"तुमी लोखंड आयकता, भाऊ," ती म्हणते.
असेल.

टोलीत नवं मडकं आलंय.
त्याला घट्ट बसणारं स्टीलचं झाकण हवं होतं,
तिनं दोरीनं माप आणलं, गाठ मारून.
मी करून दिलं, उरलेल्या पत्र्याचं,
कड घासून, हाताला लागू नये अशी.
रजिस्टरमध्ये ते नाही.